ऐपतीनुसार शुल्क

एकाच सेवेसाठी सर्वांना एकच दर न लावता ज्याची त्याची ऐपत आणि सामाजिक अडचण पाहून ठरावीक पायऱ्यांनी पैसे घेण्याची पद्धत. हिला 'सरकते दर' असेही म्हणतात. समुपदेशन, फिजिओथेरपी, वकिली सल्ला, शिकवणी अशा कामांत ती चालते. खालच्या पायरीची तूट वरच्या पायरीवरून भरून निघते, त्यामुळे यात कुणी कुणावर उपकार करत नाही.

आधी मधला दर काढावा लागतो. समजा, रत्नागिरीतल्या एका समुपदेशन केंद्राचा भाडे-पगार धरून महिन्याचा खर्च ३६,००० रुपये आहे आणि महिन्यात ६० सत्रे होतात. मधला दर ६०० आला. ३००, ६०० आणि ९०० अशा तीन पायऱ्या करून प्रत्येकीवर २० सत्रे झाली, तर हिशेब जुळतो. पण ३०० वर ३०, ६०० वर २० आणि ९०० वर १० झाली, की जमा ३०,००० वर येते आणि ६,००० ची खोट बसते. म्हणून खालच्या पायरीच्या जागा आधीच मोजून ठेवाव्यात आणि त्या भरल्या की प्रतीक्षायादी उघडपणे सांगावी.

कोकणात ऐपत कागदावरून ओळखायला गेले की हमखास चूक होते. सातबाऱ्यावर कलमांची बाग दिसते, पण त्यावर वीस सहहिस्सेदारांची नावे असतात आणि घरात राहणाऱ्या विधवा काकूंच्या हाती रोख काहीच येत नाही. बागायतदाराचा पैसा आंब्याच्या हंगामात एकदाच येतो. खलाशाच्या घरी १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत चूल उधारीवर चालते, आणि शाळेचा खर्चही नेमका जूनमध्येच येतो. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाने उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत मजुरी हातात पडत नाही. म्हणून वार्षिक उत्पन्न विचारण्यापेक्षा 'उसने न घेता या महिन्यात किती देता येतील?' असे विचारावे, आणि पायरी पावसाळ्याआधी व दिवाळीनंतर पुन्हा ठरवावी.

उत्पन्नाइतकीच जात, अपंगत्व, लिंगभाव यांमुळे येणारी अडवणूकही धरायला हवी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये हे तत्त्व स्पष्ट आहे: स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग व्यक्ती यांना मोफत कायदेशीर मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही.

पद्धत मोडते ती बहुतेक वेळा टेबलापाशी. गावात नोंदवहीवर बसलेली मुलगी भावकीतलीच निघते. तिने 'तुमचा कुठला दर?' असे चारचौघांत विचारले, तर माणूस लाजेने वरचा दर सांगतो आणि दुसऱ्या सत्राला येतच नाही. त्यासाठी तिन्ही दर छापलेले कार्ड हातात द्यावे, त्याने बोट ठेवावे, दाखला मागू नये. पावतीवर फक्त रक्कम लिहावी. 'सवलत' हा शब्द घरी दहा जण वाचतात.