रबर दोन्हीत, पण चीक वेगळा आणि भुगा वेगळा

‘डांबरात रबर घातलंय’ असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, कुठलं? झाडाच्या चिकाचं की जुन्या टायरच्या भुग्याचं? आयएस 15462 या भारतीय मानकानं 2004 मध्येच दोघांची नावं वेगळी केली: चिकाचं ते एनआरएमबी, भुग्याचं ते सीआरएमबी. साइटवर मात्र दोन्ही ‘रबरी डांबर’, आणि चुका तिथूनच सुरू होतात.

चीक म्हणजे रबराच्या झाडाला तिरपी खाच पाडली की करवंटीत ठिबकतो तो दुधासारखा रस. कोट्टायमकडे तो मुबलक, आपल्या दोडामार्गातल्या बागांतही दिसेल. ताज्या चिकात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. यंत्रात फिरवून घट्ट केला तरी रबर साधारण 60 टक्के. असा चीक दीडशे अंशांच्या डांबरात पडला की पाण्याची झटक्यात वाफ होते आणि दूध उतू जावं तसं डांबर वर येतं. म्हणून टाकी अर्धी रिकामी ठेवायची, ढवळणी चालू हवी आणि धार बारीक. इथली घाई माणसं भाजते. रबर लागतं थोडंच, डांबराच्या 2 ते 4 टक्के. त्यावर गंधकाची प्रक्रिया झालेली नसल्यानं त्याच्या लांब साखळ्या मोकळ्या असतात. त्या डांबरात पसरतात आणि जाळं धरतात.

टायरच्या रबरात गंधकानं याच साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात. ते विरघळत नाही. भुगा डांबरातली हलकी तेलं पितो आणि साबुदाण्यासारखा फुगतो. त्यासाठी 170-180 अंशांवर तासभर घोटावं लागतं, आणि प्रमाणही 10 टक्के किंवा त्याहून जास्त. अमेरिकेत फीनिक्स शहराचे अभियंता चार्ल्स मॅक्डोनल्ड यांनी 1960 च्या दशकात ही पद्धत बसवली.

फुगला तरी दाणा दाणाच, आणि डांबराहून जड. एका कामावर असा टँकर ढवळणी बंद करून रात्रभर उभा ठेवला होता. सकाळी वरून निघालं ते जवळपास साधं डांबर, तळाशी नळी बुजवणारा लगदा. रस्ता त्याच मालाचा झाला, याचं मला अजून वाईट वाटतं.

चिकाची भीती उलटी. तो सहसा असा तळाशी बसत नाही, पण फार वेळ तापवला तर साखळ्या तुटतात आणि रबर घातलेलं वाया जातं. टायरमध्ये काजळी आणि रबर लवकर जुनं होऊ नये म्हणून घातलेली द्रव्यं आधीच असतात. ऊन सोसायला मी भुग्यालाच उजवा मानतो.

दोघांकडून हवं असतं ते एकच: उन्हाळ्यात चाकोऱ्या पडू नयेत, थंडीत भेगा जाऊ नयेत. प्रयोगशाळेत 15 अंशांच्या पाण्यात डांबराचा धागा 10 सेंटिमीटर ओढतात, मधोमध कापतात आणि तासभर थांबतात. साधं डांबर जवळपास तसंच पडून राहतं. रबराचं आखडून मागे येतं.

चिकाची एक जागा मात्र भुग्याला मिळत नाही: मायक्रोसरफेसिंगचं, म्हणजे जुन्या रस्त्यावर पातळ थर पसरायचं, थंड इमल्शन (पाण्यात बारीक थेंबांनी विखुरलेलं डांबर). तिथं मुळात पाणीच असतं, त्यामुळे उतू जाण्याचा प्रश्न नाही. पण हे इमल्शन धनभारित आणि अमोनियात टिकवलेला चीक ऋणभारित. तसाच ओतला तर दूध नासावं तशा गुठळ्या. चीक धनभारित करून घेतलेलाच लागतो. तरीही मी आधी पेलाभर इमल्शनमध्ये चमचाभर घालून हलवतो. गुठळी धरली की तो पिंप बाजूला.