पोहोच आणि विद्वत्कार्य: बढतीच्या अर्जात गल्लत कुठे होते?

समजा, वैद्यकीय अध्यापकाने ईसीजीवर केलेल्या रीलला लाखभर व्ह्यू मिळाले. ही झाली पोहोच. तोच विषय उद्दिष्टं ठरवून, संदर्भ देऊन, दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांकडून तपासून घेऊन १२ भागांच्या पॉडकास्टमध्ये मांडला आणि इतर कॉलेजांनी तो वर्गात वापरला, तर ते डिजिटल विद्वत्कार्य. मग श्रोते ४०० का असेनात.

ही फूटपट्टी इंटरनेटच्या आधीपासूनची आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्येच संशोधनाच्या पंगतीला ज्ञानाची सांगड, उपयोजन आणि अध्यापन यांनाही बसवलं. पुढे तिथलेच शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी तीन कसोट्या दिल्या: काम सर्वांसमोर हवं, जाणकारांना ते तपासता यावं, इतरांना ते वापरून पुढे नेता यावं. रील पहिली कसोटी सहज पार करते आणि बहुधा दुसरीवर अडते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१६ मध्ये समाजमाध्यमांवरचं काम बढतीच्या निकषांत घेतलं, तेही शोधनिबंधांच्या जोडीला. त्यांच्या जागी नव्हे.

खरा घोटाळा अल्टमेट्रिक गुणांकामुळे होतो. शोधनिबंधाचा बातम्या, ब्लॉग, समाजमाध्यमांत किती उल्लेख झाला, यावरून तो काढतात. त्यात बातमीला ८, ब्लॉगला ५, असं उल्लेखांना वजन असतं. उल्लेख कौतुकाचा की टीकेचा, हे तो पाहत नाही. मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला, कोविडसाठी वापरल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावरचा निबंध जगभर गाजला आणि ४ जूनला मागे घेतला गेला. अशा वेळी माघारीच्या बातम्यांनीही गुणांक वाढतोच! तो लक्ष मोजतो, दर्जा नाही.

म्हणून अर्जात फॉलोअरचे स्क्रीनशॉट चिकटवून भागत नाही. प्लॅटफॉर्म बंद पडला की दुवाही मरतो, त्यामुळे काम झेनोडोसारख्या ऑनलाइन भांडारात ठेवून डीओआय, म्हणजे त्या कामाचा कायमस्वरूपी ओळख क्रमांक, घ्यावा. संहिता कोणाची, संपादन कोणाचं, हे एका ओळीत लिहावं. गटाने केलेलं काम एकट्याच्या नावावर दिसलं की समितीला शंका येते. तपासणाऱ्यांचे अभिप्राय आणि त्यानंतर केलेल्या दुरुस्त्या तारखांसह जोडाव्यात. ही नोंद नंतर आठवून तयार करणं जवळपास अशक्य, म्हणून पहिल्या भागापासूनच ठेवलेली बरी. व्ह्यूचे आकडे द्यायचेच असतील तर कालावधी आणि मोजलेली तारीख लिहून, सगळ्यात शेवटी.