आवडलं म्हणून परत येतील, असं नसतं

पर्यटक खुश झाला की तो परत येतोच, हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता वैताग येतो. खुश होणं म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये, वाटलं होतं तशी किंवा त्याहून भारी ट्रिप झाली, पाच स्टार दिले, विषय संपला.

घोळ होतो तो पुढे. समाधान हा झालेल्या ट्रिपचा निकाल असतो, परत जाणं हा पुढच्या सुट्टीचा निर्णय असतो आणि तो घेताना न बघितलेलं अख्खं जग समोर असतं. गिझाचे पिरॅमिड बघून माणूस भारावतो, दहा जणांना सांगतो की जाच, पण स्वतः परत जात नाही, कारण बघायचं ते बघून झालं आणि आता त्याला माचू पिचू खुणावतंय. त्याचं समाधान कुठेही कमी पडलेलं नसतं! आणि दुसरीकडे एखादं कुटुंब दरवर्षी त्याच समुद्रकिनारी जातं, रूमबद्दल कुरकुर करतं, तरी पुढच्या वर्षीचं बुकिंग करूनच निघतं.

गिटेल्सन आणि क्रॉम्प्टन या संशोधकांनी १९८४ मध्येच परत येण्याची पाच कारणं मांडली होती: फसायची भीती कमी, आपल्यासारखी माणसं भेटतात, जागेत जीव अडकलेला, मागच्या वेळी काही बघायचं राहिलं, आपल्या माणसांना दाखवायचंय. पहिलं कारण समाधानाशिवाय जमत नाही हे मान्य, पण माझ्या मते त्याचा खरा जोर सुट्टी मोजकी असण्यात आहे, नवीन जागा फसली तर वर्षाची सुट्टी वाया, मग माणूस ओळखीची जागा धरतो, ती सगळ्यात भारी नसली तरी.

परत येणारे सगळे निष्ठावान असतात हाही गैरसमजच, काहींना फक्त सवय असते.

आणि निघताना हातात दिलेला तो फॉर्म, ‘परत याल का?’, तो मला अजिबात पटत नाही. ट्रिपच्या मूडमध्ये माणूस सहज हो म्हणतो आणि घरी जाऊन दुसरीकडचं तिकीट काढतो. त्यापेक्षा काय बघायचं राहिलं आणि पुढच्या वेळी कोणाला घेऊन यावंसं वाटतंय, हे विचारा ना.