पानिपतचे स्मारक : आधी रणभूमी शोधायला हवी

महाराष्ट्राच्या मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात पानिपत येथे मराठ्यांच्या शौर्याचे स्मारक उभारण्याची घोषणा झाली. जागा हरियाणात असल्यामुळे ती तिथल्या सरकारमार्फतच मिळवावी लागणार आहे. त्याआधी दोन महिने, १४ जानेवारीला, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस काला अंब येथे शौर्य दिनाला उपस्थित होते. हरियाणातला रोड समाज स्वतःला १७६१च्या युद्धानंतर तिथेच राहिलेल्या मराठ्यांचा वंशज मानतो आणि हा दिवस मनापासून पाळतो. स्मारक व्हायलाच हवे. मात्र ‘जागा’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर एक स्तंभ आणि त्याभोवतीची बाग येते, आणि पानिपतची लढाई काही एका बागेत झाली नव्हती.

ऑक्टोबर १७६०च्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून मराठे आणि दिल्ली यांच्या मधोमध आला. सदाशिवरावभाऊंनी पानिपत गावाच्या आधाराने खंदक खणून छावणी केली. पुढचे अडीच महिने दोन्ही फौजा समोरासमोर होत्या. मराठ्यांना रसद पोहोचवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली आणि छावणीत उपासमार सुरू झाली. १४ जानेवारीला सकाळी सैन्य बाहेर पडले, ते गोल करून, म्हणजे बायकामुले आणि यात्रेकरूंना मध्ये ठेवून त्यांना सांभाळत अब्दालीची फळी फोडून दिल्लीकडे वाट काढण्यासाठी. डावीकडे इब्राहिमखान गारदी, दमाजी गायकवाड आणि विठ्ठल शिवदेव विंचूरकर, मध्यभागी भाऊ आणि विश्वासराव, उजवीकडे जनकोजी शिंदे आणि मल्हारराव होळकर. ही फळी काही कोस पसरलेली होती. दुपारनंतर ती मोडली आणि पळणाऱ्यांची कत्तल त्याहून कितीतरी दूरवर झाली. म्हणजे रणभूमीत छावणी आली, खंदक आला, फळी आली आणि माघारीच्या वाटाही आल्या.

आज या सगळ्याची खूण म्हणून उरला आहे तो काला अंब, शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर. इथे आंब्याचे झाड होते आणि सांडलेल्या रक्ताने ते काळे पडले, अशी तिथली आख्यायिका. झाड वाळल्यावर त्याच्या लाकडाचे दरवाजे झाले. ते पानिपतच्या संग्रहालयात आहेत. झाडाच्या जागी विटांचा स्तंभ उभा राहिला. पुढे हरियाणाचे राज्यपाल अध्यक्ष असलेल्या संस्थेने परिसर सुशोभित केला. या सर्वांनी स्मृती टिकवली, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण बागेच्या कुंपणाबाहेरचे शिवार कुणाच्याच हिशेबात आले नाही, आणि दरम्यान पानिपत हातमाग, ब्लँकेट आणि तेलशुद्धीकरणाचे मोठे औद्योगिक शहर झाले.

यात दोष एकट्या पानिपतचा नाही. आपला १९५८चा प्राचीन स्मारक कायदा प्रामुख्याने वास्तू, लेणी, शिलालेख आणि अवशेष डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे. पानिपत शहरातली बाबराने बांधलेली काबुली बाग मशीद त्यात सहज बसते. जिथे हजारो माणसे पडली ते मोकळे शेत मात्र त्यात बसवणे अवघड जाते, कारण तिथे ‘दिसण्यासारखे’ काही नसते. रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळची उंबरखिंड बघा. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाला तिथे कोंडले. स्मारक चांगले आहे, पण खान कसा अडकला हे कळते ते ती अरुंद वाट आणि दोन्ही बाजूंचे डोंगर पाहूनच.

अमेरिकेत गेटिसबर्गला हा प्रश्न फार लवकर सुटला. अमेरिकन यादवी युद्धातली तिथली जुलै १८६३ची लढाई संपून वर्षही झाले नव्हते, तेव्हा १८६४मध्ये स्थानिकांच्या पुढाकाराने रणभूमी जपणारी संस्था कायदेशीर स्थापन झाली. १८९३मध्ये तिथे विजेच्या ट्रामचे रूळ टाकायला सुरुवात झाली आणि वाद न्यायालयात गेला. १८९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की रणभूमी जपणे हे सार्वजनिक कामच आहे, त्यासाठी सरकार भूसंपादन करू शकते. १८९५पासून राष्ट्रीय उद्यान असलेल्या त्या परिसरात शेते आणि फळबागा आजही आहेत. लोक तिथे फिरायला येतात आणि फिरता फिरता लढाई समजून घेतात.

दुसरा धडा अमेरिकेतल्याच लिटल बिगहॉर्नचा, जिथे १८७६मध्ये अमेरिकी सैन्य आणि तिथल्या मूलनिवासी जमाती यांची लढाई झाली. १९८३मध्ये वणव्याने तिथले गवत जळाले आणि पुढच्या वर्षी संशोधकांनी धातुशोधक यंत्रांनी मैदान धुंडाळले. प्रत्येक गोळी, प्रत्येक काडतूस कुठे सापडले याची नोंद नकाशावर केली. कोण कुठून लढत होते, कुठे सरकले, हे त्यातून उलगडले.

पानिपतच्या मातीत शिशाच्या गोळ्या असतील, तर त्यांचा अर्थ त्या सापडलेल्या जागेशी बांधलेला आहे. एकदा जेसीबीने पाया खणला की तो पुरावा कायमचा गेला. म्हणून पुतळ्याची उंची ठरवण्याआधी पुरातत्त्वज्ञांकडून सर्वेक्षण व्हावे, छावणी आणि फळीच्या संभाव्य रेषा आजच्या गावनकाशांवर उतरवाव्यात, आणि जी शेते अजून मोकळी आहेत त्यांतली काही शेते म्हणूनच जपण्याचा करार तिथल्या शेतकऱ्यांशी योग्य मोबदला देऊन करावा. स्मारकाची जागा त्यानंतर निवडता येईल. घोषणा झाली आहे, दोन्ही राज्ये राजी दिसतात; हे काम करून घ्यायला याहून चांगली वेळ मिळणे कठीण आहे.