पाण्याने मोजलेली गावं : स्पीतीतल्या उंचावरच्या जगण्याची पार्श्वभूमी

हिमाचल प्रदेशातल्या स्पीती खोऱ्यात किब्बर हे गाव साधारण 4,200 मीटर उंचीवर आहे. कळसूबाईवर कळसूबाई ठेवली आणि वर आणखी अर्धी रचली, की या गावाच्या आसपास पोचता येईल. स्पीतीचं मुख्य ठिकाण असलेल्या काझाहून वर चढणारा रस्ता गावात येतो तेव्हा पाहुण्याला वाटतं, जग इथे संपलं. पण 1962 च्या चीन युद्धापर्यंत किब्बर हे वाटेवरचं गाव होतं. इथून परांग ला खिंड ओलांडली की लडाखचा रुपशू आणि चांगथांगचं पठार लागतं, आणि तिथलं मीठ व लोकर याच वाटेने खाली येई. उन्हाळ्यात किब्बरच्या माळावर लदारचा नावाची जत्रा भरायची. लडाखचे, रामपूर-बुशहरचे आणि स्पीतीचे लोक तिथे जव, मीठ, लोकर, घोडे यांची अदलाबदल करत. तिबेटचा व्यापार थांबला, जत्रा बंद पडली, आणि पुढे ती ऑगस्टमधली सरकारी जत्रा म्हणून काझात भरू लागली. किब्बरचं ‘दुर्गम’पण, निदान आज दिसतं तेवढं, सीमेमुळे आलं आहे. उंची तर आधीही तेवढीच होती.

या गावांचं रोजचं जगणं समजून घ्यायचं तर व्यापाराच्याही आधी पाण्याकडे पाहावं लागतं. पीर पंजालच्या रांगा मोसमी ढग अडवतात, त्यामुळे स्पीतीत पाऊस नावापुरता. जे पाणी मिळतं ते हिवाळ्यातल्या बर्फाचं. तो वितळला की ओढ्यातलं पाणी ‘कूल’ म्हणजे कड्याच्या पोटातून खणलेल्या पाटाने शेतापर्यंत आणायचं, रात्री छोट्या तळ्यात साठवायचं आणि दिवसा पाळीप्रमाणे सोडायचं. जमीन नजर पोचेल तिथवर आहे. तिचा उपयोग मात्र पाट पोचेल तिथपर्यंतच. जवाचं आणि काळ्या वाटाण्याचं एकच पीक, तेही उन्हाळ्याच्या चार-पाच महिन्यांत उरकायचं. किती शेत भिजेल हे ठरलेलं, म्हणून किती तोंडं जगतील हेही ठरलेलं.

स्पीतीच्या समाजाने या गणितावर जो तोडगा काढला तो मला विलक्षण वाटतो, आणि बराच कठोरही. गावातली घरं ठरावीक. मोठ्या घराला खांगछेन म्हणतात. शेत, पाण्याची पाळी, कुरणाचा हक्क आणि शेतसाऱ्याचा बोजा, हे सगळं त्या घराच्या नावावर. ते थोरल्या मुलाकडे अखंड जायचं. त्याचं लग्न होऊन संसार मार्गी लागला की आईवडील मोठं घर सोडून शेजारच्या लहान घरात, खांगछुंगमध्ये राहायला जायचे आणि जमिनीचा एक छोटा तुकडा स्वतःच्या पोटापुरता ठेवायचे. धाकटे मुलगे लहानपणीच ‘की’, ढंकर किंवा कोमिकच्या तांगयुद या बौद्ध मठांत धाडले जात. सगळ्या मुलींची लग्नं होत नसत. अनेक जणी चोमो, म्हणजे भिक्षुणी होत, नाहीतर भावाच्या घरात राबत राहत. थोरला भाऊ वारस न ठेवता गेला, तर मठातला भाऊ चीवर उतरवून घरी येई आणि पुष्कळदा वहिनीशीच लग्न करून घर चालवी. पिन खोऱ्याची तऱ्हा निराळी. तिथल्या न्यिंगमा या तिबेटी बौद्ध परंपरेत लामा संसार करू शकतो.

आपल्याकडे वाटण्या होऊन शेताच्या पट्ट्या झाल्या, तसं इथे शतकानुशतकं होऊ दिलं गेलं नाही. मठाची श्रद्धा खरीच, तिच्याविषयी शंका घ्यायचं कारण नाही. पण मठाने धाकट्यांना पोटाला आणि मानाला जागा दिली नसती तर ही व्यवस्था एका पिढीतच कोसळली असती. या व्यवस्थेची किंमत कोणी मोजली, हे मात्र गावाच्या ‘साध्या, समाधानी’ जीवनावर लिहिताना सहसा सुटून जातं. 1956 चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, आणि स्पीतीचे लोक त्यांतच मोडतात. त्यामुळे वडिलोपार्जित जमिनीत मुलीला वाटा नाही ही रूढी टिकून राहिली, आणि स्पीतीतल्या बायका आता त्याबद्दल उघडपणे बोलू लागल्या आहेत.

राजकारभार दूरचा होता. खोरं पूर्वी लडाखच्या राजांकडे होतं. पहिल्या इंग्रज-शीख युद्धानंतर 1846 मध्ये ते इंग्रजांकडे आलं. लडाख जम्मूच्या गुलाबसिंगांना देताना इंग्रजांनी स्पीती मुद्दाम आपल्याकडे ठेवलं, कारण चांगथांगच्या लोकरीपर्यंत जाणारी वाट त्यांना हवी होती. इतक्या उंचावर अधिकारी नेमण्याची हौस मात्र कोणालाच नव्हती. 1873 च्या स्पीती रेग्युलेशनने महसूल आणि न्यायनिवाडा नोनो या वंशपरंपरागत सरदाराकडेच ठेवला. गावाने सारा भरायचा, वेठ करायची, बाकी आपापलं पाहायचं.

हे बदललं ते सीमेवर ताण वाढला तेव्हा. 1960 मध्ये पंजाबात लाहौल-स्पीती हा वेगळा जिल्हा झाला, 1966 च्या पुनर्रचनेत तो हिमाचलमध्ये गेला. 1962 नंतर सीमा बंद झाली आणि रस्ते आले. रस्त्यांबरोबर मजुरी, सरकारी नोकऱ्या, शाळा, रेशनचं धान्यही आलं. हिमाचलच्या 1968 च्या नौतोड नियमांनी भूमिहीनांना पडीक जमीन मिळण्याची वाट उघडली. म्हणजे धाकट्या भावालाही आता घर मांडता येणार होतं. जमीन कागदावर मिळाली तरी पाण्याची पाळी जुन्या घरांकडेच राहिली, ही अडचण पुष्कळ ठिकाणी उरली. हिक्किम गावात 1983 मध्ये पोस्ट उघडलं. पर्यटक आज तिथून हौसेने पत्रं टाकतात. गावकऱ्यांसाठी त्या पोस्टात बचत खातं उघडता येणं ही जास्त मोठी गोष्ट होती.

खरा उलथापालथ करणारा पाहुणा म्हणजे हिरवा वाटाणा. 1980 च्या दशकात तो नगदी पीक म्हणून इथे रुजला. मैदानी भागात वाटाण्याचा हंगाम हिवाळ्यात असतो. स्पीतीचा वाटाणा ऑगस्टच्या सुमारास तयार होतो, तेव्हा बाजारात दुसरा वाटाणा जवळपास नसतोच. म्हणून साडेचार हजार मीटरवरच्या कुंझुम खिंडीतून ट्रक खाली नेणंही परवडतं. पैसा हातात आला तशी जवाची शेतं आकसली. सातू-सत्तू, जवाची छांग (घरगुती मद्य) आणि चारा या तिन्हींचा आधार तेच पीक होतं. वाटाण्याला खतही जास्त लागतं आणि पाणी वेळेवर लागतं. पाळी दोन दिवस हुकली तर पूर्वी जव थोडा कमी पिके, आता वर्षाची रोकड जाते. कूल उपसायला घरटी एक माणूस देण्याचा नियम म्हणूनच अजून काटेकोर पाळला जातो.

घराच्या आतही हा बदल दिसतो. जुनं घर मातीच्या विटांचं, सपाट छपराचं. खाली जनावरं, वर माणसं, आणि छपराच्या कडेला रचलेला चारा व सरपण. हिवाळ्यात सगळं कुटुंब एकाच खोलीत तंदूरभोवती जमतं. इथे तंदूर म्हणजे शेण आणि काटेरी झुडपं जाळायची पत्र्याची शेगडी. त्या महिन्यांत सूतकताई, लग्नं, लोसार हा नववर्षाचा सण. कोरडा संडास हा तर शेतीचाच भाग: राख-माती टाकत वर्षभर साठलेलं खत वसंतात शेतात जातं. 1992 च्या सुमारास परदेशी प्रवाशांसाठी खोरं खुलं झालं, होम-स्टे वाढले, आणि पाहुण्यांना फ्लशचा संडास हवा झाला. त्याने पाणीही खर्च होतं आणि खतही बुडतं. सिमेंटच्या घरांचं तेच. प्रतिष्ठा मिळते, पण उणे वीस अंशांत मातीची भिंत जी ऊब धरून ठेवते ती मिळत नाही.

1992 मध्येच किब्बर अभयारण्य जाहीर झालं. हिमबिबट्या आता शेळ्यामेंढ्यांचा शत्रू आणि हिवाळी पर्यटनाचं आकर्षण, असा दोन्ही आहे. 2017 मध्ये शेजारच्या चिचम गावाला दरीवरचा पूल मिळाला. त्याआधी तिथले लोक दोरावरच्या पाळण्यातून दरी ओलांडत.

आता प्रश्न पुन्हा पाण्यापाशी आला आहे. हिवाळ्यात बर्फ कमी किंवा उशिरा पडला की वसंतातच ओढे रोडावतात. ज्या गावांवर हिमनदी नाही, नुसता हंगामी बर्फ आहे, त्यांची पंचाईत सगळ्यात मोठी. कोमिकसारख्या गावांत पेरणीच्या वेळीच पाण्याची ओढ जाणवते. पूर्वी घरांची संख्या पाण्याला बांधलेली होती. ती गाठ रस्ता, रेशन, नौतोड आणि वाटाणा यांनी सोडवली, आणि धाकट्या भावांनी व त्यांच्या बायकांनी त्याबद्दल खंत करावी असं काही नाही. पण पाटातलं पाणी तेवढंच आहे, कधी कधी त्याहून कमी, आणि ते मागणारी घरं वाढली आहेत. त्यामुळे पाळीचा क्रम नव्याने लावायचा का, आणि लावला तर वाटाण्याला आधी की होम-स्टेच्या टाकीला, यावर गावांच्या बैठकांत आता वाद होतात.