इतिहासातले नैतिक प्रश्न वर्गात घेणं (मराठवाडा)

इतिहासात कोणी काय केलं एवढ्यावर न थांबता ते बरोबर होतं का, त्या माणसापुढं दुसरा रस्ता होता का आणि आज आपण त्या गोष्टीचं काय करायचं, यावर विद्यार्थ्यांना बोलतं करायची ही शिकवण्याची पद्धत आहे. मराठवाड्यात तिची गरज जरा जास्तच, कारण इथला इतिहास पुस्तकात कमी आणि घरात जास्त आहे, रझाकार (निजामाच्या बाजूनं लढणारी हत्यारबंद संघटना) आले की बायालेकरं कुठं लपायची हे अजून आज्ज्या सांगतात.

मोठा विषय अर्थातच हैदराबाद मुक्तिसंग्राम. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला पण मराठवाडा हैदराबादच्या निजामाकडंच राहिला, कासिम रझवीच्या रझाकारांनी खेड्यापाड्यात जाळपोळ, लूटमार, खून केले, शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्याची कारवाई, म्हणजे पोलीस अ‍ॅक्शन सुरू झाली आणि १७ तारखेला निजाम शरण आला. दरवर्षी १७ सप्टेंबरला शाळेत झेंडा होतो, भाषणं होतात, लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थांचं नाव घेतात आणि विषय तिथंच संपतो.

खरी चर्चा तिथून पुढं सुरू व्हायला पाहिजे. पोलीस अ‍ॅक्शननंतर मुस्लिमांवर मोठा हिंसाचार झाला, त्याची पाहणी करायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. समितीचा अंदाज किमान २७ ते ४० हजार मृत्यूंचा होता आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. समितीला असेही हिंदू सापडले ज्यांनी शेजारच्या मुसलमानांना वाचवलं. इथं वर्गातलं एखादं पोरगं हमखास विचारतं, ‘सर, पण आधी त्यांनीच केलं होतं ना?’ हा प्रश्न दाबायचा नाही. ‘त्यांनी’ म्हणजे नेमकं कोणी, असं उलटं विचारायचं आणि फळ्यावर नावं लिहायची: रझवी, रझाकार, निजामाचं सरकार, आणि बाजूला शोएबुल्ला खान. हा ‘इमरोज’चा संपादक मुसलमानच, पण भारतात विलीन व्हा म्हणून लिहायचा आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्याला हैदराबादेत मारून टाकलं. हे नाव फळ्यावर आलं की ‘त्यांनी’ हा शब्द लेकरं जपून वापरायला लागतात.

उमरीची बँकलूट पण चांगला विषय आहे. जानेवारी १९४८ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी लढ्याला पैसा लागतो म्हणून नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली. पैसा कोणाचा होता, हिशेब कोणाला द्यायचा, चांगल्या कामासाठी लूट चालते का, यावर आठवीचा वर्ग तासभर भांडू शकतो. घाईनं निकाल द्यायची गरज नाही.

नामांतराचा विषय मात्र सगळ्यात नाजूक आहे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली, माणसं मारली गेली, नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. ज्यांनी सोसलं आणि ज्यांच्या गावानं केलं, दोघांचीही नातवंडं एकाच बाकावर बसलेली असतात. म्हणून कोणत्याच लेकराला ‘तुमच्याकडं काय सांगतात’ असं उभं करून विचारू नये, दंगलीचं नाटक तर अजिबात बसवू नये. आजोबांनी केलेल्याची लाज किंवा शिक्षा नातवाला नाही, पण ते घडलं हे माहीत असणं ही त्याची जबाबदारी आहे, हा फरक शिक्षकानं स्वतः बोलून दाखवला पाहिजे, आपोआप कळेल म्हणून सोडून देऊ नये.

बऱ्याच शाळांमध्ये हे होत नाही, कारण पालक तक्रार करतील ही भीती आणि परीक्षेत यावर प्रश्न येत नाही. प्रश्न काढलाच तर मार्क मत कोणतं आहे यावर देत नाहीत, मताला आधार काय दिलाय आणि समोरच्याचं म्हणणं किती नीट मांडलंय यावर देतात.