पंधरा तास कुठं बसायचं?

नेवार्कच्या विमानतळावरून बहिणीचा फोन आला, "आईच्या पायात चपला जात नाहीयेत." घोट्यापासून बोटांपर्यंत पाय इतके सुजले होते की चपलांचे बंद लागेनात. आई मोज्यांवरच चालत बाहेर आली होती, चपला हातात घेऊन.

तिची सीट मी निवडली होती. पहिल्यांदाच परदेशी निघालीये, ढग बघू देत, म्हणून हौसेनं खिडकीची. विमान मध्यरात्रीचं होतं, त्यामुळे बाहेर बहुतेक वेळ काळोख. शेजारचे दोघं जेवण होताच पांघरूण ओढून झोपले. "लोकांना कशाला उठवायचं" म्हणून आई मुंबई ते नेवार्क या पंधरा-सोळा तासांत एकदाच जागेवरून उठली. उठावं लागू नये म्हणून पाणीही घोटघोटच प्यायली. सूज दोन दिवसांत उतरली, पण ती कशानं आली हे शोधायला बसलो तेव्हा लक्षात आलं की एकाच विमानातल्या दोन सीटवर माणसाच्या शरीराला दोन वेगळे प्रवास घडतात.

पायांतलं रक्त वर चढवण्याचं काम एकटं हृदय करत नाही. पोटरीचा स्नायू आवळला की तो आतल्या खोल शिरा पिळतो, रक्त वर ढकललं जातं आणि शिरांमधल्या झडपा ते खाली परतू देत नाहीत. चालताना हा पंप पावलागणिक चालतो. बसून राहिलं की थांबतो. त्यात गुडघा दुमडलेला आणि सीटची कड मांडीखाली रुतलेली. रक्त खाली साचतं, त्यातलं पाणी आजूबाजूला झिरपतं आणि घोटे फुगतात. बहुतेकांच्या बाबतीत एवढंच होऊन थांबतं. क्वचित मात्र त्या थबकलेल्या रक्तात गुठळी धरते, आणि ती सुटून फुप्फुसात पोचली तर जिवावर बेततं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली यावरच्या संशोधनाचे निष्कर्ष जाहीर केले. चार तास किंवा त्याहून अधिक एका जागी बसून प्रवास केला की गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. विमानात होतो तसाच बस, रेल्वे आणि मोटारीतही. दुप्पट म्हटलं की छातीत धस्स होतं, पण मुळातला आकडा लहान आहे. निरोगी माणसांत चार तासांहून लांबच्या साधारण ६००० प्रवासांमागे एक, इतका. याला 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' म्हणायची पद्धत पडली होती. अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत ते नाव खोडून काढलं. स्वस्त वर्गात बसल्यानं धोका वाढतो असा पुरावा नाही. खिडकीशी बसल्यानं मात्र वाढतो, कारण तिथला माणूस कमी उठतो. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात तर विमान प्रवासातला धोका १९० सेंटिमीटरहून उंच आणि १६० सेंटिमीटरहून बुटक्या, अशा दोन्ही टोकांच्या माणसांत जास्त आढळला. उंच माणसाचे गुडघे पुढच्या सीटला अडतात. बुटक्या माणसाचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत आणि सारा भार मांडीखालच्या कडेवर येतो. माझी आई जेमतेम पाच फूट आहे.

तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी, गरोदर बाईसाठी, पूर्वी गुठळी झालेल्या कुणासाठीही माझं मत पक्कं आहे: आइल सीटच, म्हणजे ये-जा करायच्या वाटेलगतची, घ्यायची. (गुठळीचा इतिहास असेल तर डॉक्टरांना आधी विचारायचं, हे वेगळं सांगायला नको.) त्यातही जमलं तर मधल्या गटातली. तीन-चार-तीन अशी मांडणी असलेल्या विमानात खिडकीकडच्या गटातल्या आइल सीटवर बसलात, तर आतले दोघंही तुम्हाला उठवूनच बाहेर पडणार. मधल्या चारांच्या गटात तुमच्या वाट्याला एकच शेजारी येतो, कारण पलीकडचा पलीकडून निघतो. पाय टेकत नसतील तर हातातली छोटी बॅग पायाखाली सरकवली की मांडीवरचा दाब उतरतो.

पण सीटच्या आधी विमान बघावं, आणि हे आपल्याकडे फार कमी लोक बघतात. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर बाहेरची हवा इतकी विरळ असते की शुद्ध हरपायला मिनिटही पुरतं. म्हणून केबिनमध्ये हवा दाबून भरतात, पण जमिनीइतकी नाही. नियमाप्रमाणे आतला दाब ८००० फूट उंचीवरच्या दाबाइतका उतरला तरी चालतो. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी अर्धी कळसूबाई रचून तिथं रात्रभर बसायचं. तिथला दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपट, त्यामुळे बंद पिशवीतली हवा एक तृतीयांशानं फुगते. चिवड्याचं पाकीट टम्म होतं ते यामुळेच, आणि पोटात गुबारा धरतो तोही. जास्त दाब भरायचा तर प्रत्येक उड्डाणात विमानाचं धड जास्त ताणलं जातं, आणि ॲल्युमिनियम अशा ताणानं थकत जातं. बोइंग ७८७ आणि एअरबस ए-३५० यांची धडं मुख्यतः कार्बन धाग्यांच्या संमिश्रापासून केलेली आहेत. त्यांना हा ताण सोसतो. त्यामुळे आतली 'उंची' ६००० फुटांपर्यंतच ठेवता येते, कळसूबाईच्या शिखराहून थोडीशीच वर. दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या माणसाला हा फरक कुठल्याही सीटच्या फरकापेक्षा मोठा आहे.

रुंदीचंही तसंच. बोइंग ७७७ मध्ये एका ओळीत नऊ सीट असत. बहुतेक कंपन्यांनी त्या दहा केल्या, आणि अठरा इंचांची सीट सतरावर आली. ७८७ मध्ये आठ बसवता येतात, पण जवळजवळ सगळीकडे नऊ आहेत. ए-३५० मध्ये नऊ बसवूनही अठरा इंच उरतात. एक इंच म्हणजे काय, असं वाटेल. मधल्या सीटवर दोन्ही खांदे आखडून रात्र काढलेल्या माणसाला विचारा. दहा सीटच्या ७७७ मध्ये शेपटीकडे धड निमुळतं होतं, तिथल्या शेवटच्या काही ओळींत खिडकीकडे तीनाऐवजी दोनच सीट बसतात. नवरा-बायको दोघंच जाणार असतील तर ही जोडी सोन्यासारखी.

शेपटी हलते, ही मात्र त्या जोडीची किंमत. एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून घाट उतरलेल्या कुणालाही हे समजवावं लागणार नाही. तो बाक मागच्या चाकांच्याही मागे असतो, म्हणून खड्डा आला की तिथला माणूस सगळ्यांत उंच उडतो. विमानाला हवेत चाकांचा आधार नसतो. ते आपल्या गुरुत्वमध्याभोवती झुलतं, आणि तो बिंदू पंखांच्या जवळपास असतो. नाक वर-खाली झालं की सगळं धड तराजूच्या दांडीसारखं कलतं. ७७७-३०० ईआर हे विमान सुमारे ७४ मीटर लांब आहे. समजा, ते नुसतं अर्ध्या अंशानं कललं. गुरुत्वमध्यापासून तीन मीटरवर बसलेला माणूस अडीच सेंटिमीटर वर-खाली होईल, म्हणजे बोटभर. तीस मीटर मागे बसलेला सव्वीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून अधिक. वाऱ्यानं विमान आडवं झुललं तरी हिशेब तोच, त्यात लांबलचक धड थोडं वाकतं आणि टोकं आणखी हेलकावतात. संपूर्ण विमानच एखाद्या खालच्या झोतात सापडून धपकन उतरलं तर तो धक्का सगळ्यांना सारखाच. पण मळमळ होते ती बहुतेक वेळा या सततच्या लहान हेलकाव्यांनी. गाडी लागणाऱ्यानं पंखांवरचीच सीट घ्यावी.

सीट कुठलीही असो, पट्टा मात्र सुटू देऊ नये, आणि हे मी हात जोडून सांगतो. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेलं सिंगापूर एअरलाइन्सचं विमान म्यानमारवर हेलकाव्यात सापडलं. जेमतेम ०.६ सेकंदात प्रवाशांवरचं बल १.३५ जी वरून उणे १.५ जी वर गेलं (एक जी म्हणजे जमिनीवर जाणवणारं आपलं नेहमीचं वजन). उणे म्हणजे छत जणू जमीन झालं, पट्टा न लावलेली माणसं वर आदळली आणि लगेच खाली कोसळली. एका प्रवाशाचा त्यात मृत्यू झाला. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या हवामान शास्त्रज्ञांनी २०२३ साली दाखवून दिलं की उत्तर अटलांटिकवरच्या एका ठरावीक बिंदूपाशी स्वच्छ आकाशातले तीव्र हेलकावे १९७९ पासून २०२० पर्यंत ५५ टक्क्यांनी वाढले. आपल्या अमेरिकेच्या बऱ्याच विमानांची वाट तिथूनच जाते.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. जेट इंजिनाचा झोत मागे सुटतो आणि धडाला घासून जाणाऱ्या हवेची खळबळही मागे मागे जाड होत जाते, म्हणून पंखांच्या पुढे शांतता जास्त. दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, तेव्हा थोडासा फरकही कानाला पंधरा तास मोजावा लागतो. पुढे बसायचं तर पाळणा टांगायच्या भिंतीसमोरची पहिली ओळ तान्ह्या बाळांची असते, हे लक्षात ठेवायचं. तिथं पाय पसरायला जागा खरी, पण जेवणाचं टेबल हाताच्या दांड्यात दडवलेलं असल्यानं दांडा उचलता येत नाही आणि सीटही अंमळ अरुंद होते.

संसर्गाच्या भीतीनं पुष्कळ जण खिडकी धरतात, त्यात तथ्य आहे. केबिनची हवा डोक्यावरून येते आणि त्याच ओळीच्या पायाशी असलेल्या जाळीतून बाहेर जाते, फारशी पुढे-मागे वाहत नाही. तासाला वीस ते तीस वेळा ती बदलते. म्हणजे भीती हवेपेक्षा ये-जा करणाऱ्या माणसांची. अमेरिकेत एका चमूनं विमानात बसून प्रवाशांच्या हालचाली टिपल्या आणि निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध केले. आइल सीटवरचे ८० टक्के लोक प्रवासात एकदा तरी उठले, खिडकीकडचे ४३ टक्केच. जो उठत नाही, त्याचा संपर्क कमी. आईच्या पायांना जे बाधलं तेच तिच्या फुप्फुसांना राखणारं होतं. हे मला अजून थोडं अस्वस्थ करतं, पण तिच्या वयाला मी पोटरीच्या बाजूनं कौल देईन. ती उठते तेव्हा मास्क लावू शकते.

मग अपघात. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं आणि विमानातल्या २४२ जणांपैकी ११ए या सीटवरचा एकच प्रवासी वाचला. त्यानंतर ती सीट मिळेल का, असं विचारणारे माझ्याही ओळखीत निघाले. त्यांची भीती खरी आहे, पण एका अपघातावरून नियम निघत नाही. मागची सीट सुरक्षित, असंही म्हणतात आणि जुन्या अपघातांचे काही आकडे त्या बाजूनं झुकतातही. पण ऑगस्ट १९८५ मध्ये मँचेस्टरला धावपट्टीवरच इंजिन पेटलं, आग मागच्या भागात शिरली आणि मेलेल्या ५५ जणांत बहुतेक मागचे होते. कुठला भाग तुटेल किंवा पेटेल, हे आधी कळत नाही. हातात राहते ती बाहेर पडायची वाट. ग्रीनिच विद्यापीठाच्या एडविन गेलिया यांनी वाचलेल्या प्रवाशांच्या शेकडो हकिगती तपासल्या. त्यांत वापरता येण्याजोग्या दारापासून पाच ओळींच्या आत बसलेले लोक वाचण्याची शक्यता जास्त दिसली. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए-३५० धावपट्टीवर दुसऱ्या विमानाला धडकून पेटलं. आतले सगळेच्या सगळे ३७९ जण जिवंत बाहेर आले, बॅगा तिथंच टाकून. मी आता बसल्या बसल्या पुढच्या आणि मागच्या दारापर्यंतच्या ओळी मोजतो. धुरात डोळ्यांना काही दिसत नाही, पण हातांना सीटच्या पाठी मोजता येतात.

तरुण असाल, पाय धड असतील आणि विमान दिवसाचं असेल, तर मात्र खिडकी सोडू नका. कुठली खिडकी, ते एस.टी.त सावलीची बाजू शोधतो तसंच शोधायचं. मुंबईहून लंडनला दिवसा जाताना तोंड वायव्येला असतं, म्हणजे दक्षिण डाव्या हाताला. उत्तरेकडच्या त्या प्रदेशात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे दुपारभर डावीकडे ऊन आणि उजवीकडे सावली. उजवी खिडकी घ्या, पंखाच्या पुढची किंवा बरीच मागची. खिडक्यांचं अंतर धडाच्या सांगाड्यावर ठरतं आणि सीटचं कंपनीच्या हिशेबावर, म्हणून एखाद्या ओळीच्या वाट्याला नुसती भिंत येते. सीटचा नकाशा उघडून तेवढं बघून घ्या.

सावलीच्या बाजूला बसायचं कारण नुसतं ऊन नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्यात दिसणारं इंद्रवज्र आपल्याला माहीत आहे. कर्नल साइक्स यांनी तिथं ते १८३५ साली पाहिल्याची नोंद सांगतात. पाठीशी सूर्य, समोर खाली ढग, आणि ढगावर पडलेल्या आपल्याच सावलीभोवती रंगांची गोल कडी. ढगातले बारीक थेंब प्रकाश उलट दिशेला परतवतात, त्याची ही करामत. विमानातून ते कड्यापेक्षा कितीतरी सहज दिसतं, फक्त सूर्याच्या विरुद्ध बाजूला बसलेलं असावं लागतं. उंचावर असताना नुसती रंगीत कडी ढगांवरून सोबत धावताना दिसतात. उतरताना विमान ढगांच्या जवळ आलं की त्यांच्या मध्यात विमानाची सावली उमटते, पंख, शेपटी सगळं. तेव्हा त्या कड्यांचा मध्य नीट बघा. तो विमानाच्या सावलीच्या मध्यावर नसतो. बघणाऱ्याच्या डोळ्यांची सावली जिथं पडते, बरोबर तिथं असतो. पंखांपुढे बसलेल्याला तो पंखांपुढे दिसतो, शेपटीकडच्याला शेपटीकडे.